स्टेकला एकांत लागतो

स्टेक या पदार्थाची मुख्य अट मसाल्याची नाही आणि मांसाचीही नाही. अट आहे एकांताची. जाड तुकडा, सणसणीत तापलेलं भांडं, आणि पुढची तीन-चार मिनिटं त्या तुकड्याला कुणी हात लावायचा नाही. ढवळायचं नाही, दाबायचं नाही, उचलून खालची बाजू बघायची नाही, झाकण तर मुळीच ठेवायचं नाही. जगभरचे बरेचसे स्टेकवाले एवढ्या एका मुद्द्यावर ठाम असतात. आता सोलापुरात रविवारी सकाळी अकरा वाजता, घरात मटण आलेलं असताना, तीन-चार मिनिटं कुणी काही न करता उभं राहिलंय असं एक स्वयंपाकघर मला दाखवा. आमच्याकडं साध्या भाताचं झाकणसुद्धा येणारा-जाणारा प्रत्येक जण एकदा उचलून बघतो. भात होईल की नाही अशी शंका म्हणून नव्हे. आपणही घरातलेच आहोत, हे भाताला कळावं म्हणून.

हे सगळं मनात यायला कारण आमचा भाचा. तो पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो आणि रात्री जागून मोबाईलवर माणसं मांस भाजताना बघतो. त्या माणसांना दाढी असते, हातांत काळे हातमोजे असतात, समोर ओंडक्याचा पाट असतो. आणि त्यांच्या मागं कुणी म्हातारी उभी नसते. ही शेवटची गोष्ट भाच्याच्या लक्षात आलेली नव्हती. मे महिन्यात दोन दिवसांसाठी सोलापूरला आल्यावर त्यानं जाहीर केलं, "मामा, उद्या स्टेक. तिखट. आपल्या स्टाईलनं. आजी, तू नुसतं बसून राहायचं."

आमच्या आईला 'नुसतं बसून राहा' असं आजवर फक्त डॉक्टरनं सांगितलेलं आहे, आणि त्याचंही तिनं ऐकलेलं नाही.

पहिला प्रश्न मांसाचा. स्टेक म्हटलं की जग गाय-बैल गृहीत धरतं. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच, २०१५ च्या दुरुस्तीनं तीत बैल आणि वळूही आले. म्हशीचं मिळतं, आणि खाणारे 'मोठ्याचं' म्हणून आवडीनं खातात. पण आमच्या घरात मटण म्हणजे बोकड, फार तर मेंढरू. त्यामुळं स्टेक बोकडाचा, हे ठरवावं लागलं नाही.

आणि इथंच भाच्याच्या हिशेबात पहिली खोट निघाली. मोबाईलवरचा स्टेक येतो जनावराच्या पाठीतून. तिथल्या स्नायूला फारसं काम नसतं, म्हणून तो मऊ राहतो. आमच्याकडचा बोकड बहुधा उस्मानाबादी जातीचा. काळाकुळकुळीत, काटक, आणि जन्मभर तुळजापूर-सोलापूरच्या माळावर बोरी-बाभळीच्या मागं हिंडलेला. त्याच्या पाठीच्या आतल्या बाजूला मऊ मांसाची पट्टी असते, नाही असं नाही, पण ती जेमतेम दोन बोटं रुंद. तेवढ्यात एका माणसाचा स्टेक होत नाही, एका मांजराचा होईल. उरली राण, म्हणजे मागची मांडी. ज्या मांडीनं आयुष्यभर उभ्या माळावर पायपीट केली, ती तव्यावर चार मिनिटांत विरघळेल अशी भाच्याची अपेक्षा होती.

मटणाच्या दुकानात मी सोबत गेलो. सोलापुरात मटण घेताना गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचा एक ठरलेला संवाद असतो. थोडी चाप घाला, नळी दोन टाका, चरबी कमी, कलेजी वरून. भाचा म्हणाला, "चाचा, राण द्या. हाड नको. दीड इंच जाडीचे चार तुकडे. धाग्याच्या आडवे कापा."

चाचांचा सत्तूर हवेतच राहिला. "हड्डी नक्को?"

"नको."

"नल्ली बी नक्को?"

"नाही."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, काळजी होती. घरात कुणाचे दात गेले असावेत, असं त्यांना वाटलं असणार. हाड नसलेलं मटण म्हणजे मुंडावळ्या नसलेला नवरा. लग्न लागतं, पण शोभा येत नाही. "इत्ता मोट्टा तुकडा पकेगा कब साब?" असं पुटपुटत त्यांनी तुकडे केले आणि वजन झाल्यावर, न मागता, दोन नळ्या पिशवीत टाकल्या. "अम्मा के वास्ते." चाचांनी आमच्या घराचा अंदाज भाच्यापेक्षा बरोबर बांधला होता.

घरी आल्यावर पाककृतीची पहिली पायरी: मांस फ्रीजमधून काढून अर्धा तास खोलीच्या तापमानाला ठेवा. ही पायरी ज्यानं लिहिली त्याच्या खोलीत वीस-बावीस अंश असणार. आमच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी चाळीसच्या आसपास होते. जिवंत बोकडाच्या अंगाचं तापमान साधारण ३९ अंश असतं. म्हणजे तो तुकडा खोलीच्या तापमानाला आणला असता, तर मेल्यानंतर बोकडाला बारीक ताप आला असता. शिवाय अगदी कमी भाजलेल्या, ज्याला ते लोक 'रेअर' म्हणतात, त्या स्टेकचा गाभा पन्नासच्या जवळ असतो. मे महिन्यात सोलापूर ४४ ला जाऊन येतं. सहाच अंश कमी पडतात. दुपारी दोन वाजता सात रस्त्यावर सिग्नलला थांबलेल्या माणसाची अवस्था कुठल्या पायरीला असते, हे यावरून समजावं.

दुसरी पायरी: तुकडा टॉवेलनं टिपून कोरडा करा. यामागं पक्कं शास्त्र आहे. मांस तव्यावर तपकिरी होतं, त्याला खमंग वास येतो, ती प्रक्रिया लुई कामिय माइयार नावाच्या फ्रेंच माणसानं १९१२ मध्ये मांडली. ती जोमानं चालायला साधारण १४० अंशांच्या वर उष्णता लागते. वरती पाणी असेल तर ते उडून जाईपर्यंत तापमान शंभरावर अडकतं, आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं. म्हणून टॉवेल.

आता, टॉवेलसाठी अडावं असं हे गाव नव्हे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. आमच्या पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट ऐकत पोरं झोपतात. देशभरातल्या लोकांची अंगं आमच्या टॉवेलांनी पुसली जातात. घरात कपाटभर टॉवेल. पण भाच्यानं त्यातला एक उचलून मटणाच्या दिशेनं पाऊल टाकलं मात्र, आईनं बसल्या जागेवरून असा आवाज काढला की टॉवेल आपोआप कपाटात गेला. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातून कागदी रुमालांची गुंडाळी आणली. टॉवेलच्या राजधानीत कागदानं मटण पुसलं गेलं. शेजारच्या अक्कांच्या घरी चार माग आहेत. त्यांनी हे दारातून पाहिलं आणि "अय्यो" एवढंच म्हणाल्या.

तिसरा प्रश्न तव्याचा. भाच्याच्या मते भाकरीचा लोखंडी तवा उत्तम. आईच्या मते भाचा पुण्यात बिघडला होता. भाकरीच्या तव्याला तेल लागू द्यायचं नसतं आणि मटण तर त्याच्या आसपासही फिरकू द्यायचं नसतं. मंगळवेढ्याची ज्वारी, तिलाही २०१६ पासून मानांकन आहे, ती ज्या तव्यावर फुगते त्या तव्याचा सोवळेपणा आमच्याकडं देव्हाऱ्याच्या खालोखाल आहे. वाद चिघळणार तेवढ्यात सौ.ला माळ्यावरचा बिडाचा तवा आठवला. आजेसासूबाईंचा, धिरड्यांचा, चांगला तीन किलोंचा. भाच्यानं तो पाहिला आणि त्याचे डोळे भरून आले. असलाच तवा तो पुण्यात काही हजारांना मागवणार होता. आमच्याकडं तो गेली कित्येक वर्षं लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून नोकरीला होता.

आता तिखट. स्टेक आणि तिखट यांचं मुळातच जमत नाही, आणि हे भाच्याला मोबाईलनं सांगितलेलं नव्हतं. साहेबाच्या स्टेकला मीठ आणि मिरी पुरते, कारण दोनशे अंशांच्या पुढं तापलेल्या तव्यावर मिरचीची पूड मांसाच्या आधी जळते. भाच्यानं तुकड्यांना काळं तिखट, आलं-लसूण आणि करडईचं तेल चोळलं, आईच्या आग्रहावरून कच्च्या पपईचा कीसही लावला. पपईत पपेन नावाचं द्रव्य असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं. आईला नाव माहीत नाही, गुण माहीत आहे. तासभर झाल्यावर धूर निघणाऱ्या तव्यावर पहिला तुकडा पडला.

चर्र झालं. मग जे झालं त्याला ठसका म्हणतात.

काळं तिखट जळालं की त्याचा धूर डोळ्यांना दिसण्याआधी घशाला कळतो. आधी भाचा खोकला, मग मी, मग बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचणारे आमचे साडू. सौ.नं पदर नाकाला लावून खिडकी उघडली आणि ठसका गल्लीत गेला. समोरच्या घरातून शिंक आली. वरच्या मजल्यावरून "काय करलालास बे?" अशी हाक आली. सोलापुरात ठसक्याला निमंत्रणपत्रिकेचा दर्जा आहे. ज्याच्या घरी ठसका, त्याच्या घरी मटण, हे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. पाचव्या मिनिटाला स्वयंपाकघराच्या दारात अक्का, त्यांचा नातू, वरचे काका आणि पाण्याचा पाइप हातात घेतलेले समोरचे गृहस्थ उभे होते. त्या दिवशी नळाला पाणी होतं. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी भरायचं सोडून माणूस मटण बघायला येतो, यावरून प्रसंगाचं गांभीर्य कळावं.

आणि स्टेकचा एकांत संपला.

"हात लावू नका," भाचा म्हणाला.

"खाली लागतंय," काका म्हणाले.

"लागलंच पाहिजे."

"लागलंच पाहिजे काय? पाणी मार थोडं."

"पाणी नाही मारायचं!"

"मग झाकण तरी ठेव," अक्का म्हणाल्या.

भाच्यानं सगळ्यांना समजावलं की मोठ्या आचेवर दोन्ही बाजू भाजल्या की मांसाची तोंडं बंद होतात आणि आतला रस आत राहतो. आई म्हणाली, "तोंड बंद झालंय, तर मग चर्र कोण करतंय?"

हा प्रश्न फार मोठा होता. रस कोंडण्याची ही कल्पना लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात रुजवली आणि सव्वाशेहून जास्त वर्षं जगभरचे स्वयंपाकी तिच्यावर विसंबून राहिले. १९८४ मध्ये हॅरॉल्ड मॅगी यांनी आपल्या पुस्तकात ती खोडून काढली, आणि त्यांचा एक मुद्दा हाच: तव्यावरचा आवाज म्हणजे बाहेर पडणाऱ्या रसाचं पाणी उडाल्याचा आवाज. तो थांबत नाही, म्हणजे रस गळतोच आहे. मॅगींना ते लिहायला जाडजूड ग्रंथ लागला. आईला चार शब्द लागले, तेही खोकत.

एवढ्यात अक्कांनी हैदराबाद काढलं. त्यांची बहीण तिकडं दिलेली. तिथं ग्रॅनाइटच्या जाड फरशीखाली निखारे पेटवून वर मटणाचे चपटे तुकडे भाजतात, पत्थर का गोश्त. तुकडे आधी ठेचून पातळ करतात. पसंद्यांचंही तसंच. "एवढं जाड कुणी ठेवत नाही बाबा," अक्का म्हणाल्या, "दगडाला पण जमत नाही." दक्षिणेच्या वाटेवरच्या आमच्या गावाला असे सल्ले सगळ्या दिशांनी येतात. सोलापूरचा किल्ला एकदा चांदबिबीबरोबर हुंड्यात विजापूरला गेलेला आहे. तेव्हापासून कुणाच्या ना कुणाच्या माहेरचं इथं येतच असतं.

मला मात्र वेगळंच आठवत होतं. मांसाच्या पट्ट्या, मीठ, तिखट आणि आच, एवढ्यावर भागवणारी रीत आमच्या भागात गावकुसाबाहेर केव्हापासून आहे. पट्ट्या उन्हात वाळवायच्या, त्या चान्या. लागतील तशा निखाऱ्यावर भाजायच्या नाहीतर तेलात परतायच्या. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात ते सगळं जेवण नोंदलं गेलंय, तेही २०१५ सालीच. चान्या करणाऱ्या बायांना कुणी शेफ म्हटलं नाही; उलट दोरीवर वाळत घातलेल्या पट्ट्या दिसल्या की लोक रस्ता बदलायचे. आता तोच प्रकार काळे हातमोजे घालून मोबाईलमध्ये आला की आमचा भाचा रात्रीचे दोन वाजवतो.

तुकडे उतरले. वरून काळे, करकरीत, दिसायला अगदी मोबाईलमधल्यासारखे. भाच्यानं ते ताटलीत काढून जाहीर केलं की आता पाच मिनिटं कुणी कापायचं नाही, मांसाला विश्रांती द्यायची असते.

"कुणाला?" आईनं विचारलं.

"मांसाला. रेस्ट."

"अंगावर चादर घालू का?"

वरचे काका इतके हसले की त्यांना दुसरा ठसका लागला.

पाच मिनिटांनी भाच्यानं तुकडा कापला. आत गुलाबी. भाचा खूश. त्याचा थर्मामीटर ६३ दाखवत होता. अमेरिकेच्या कृषी खात्यालाही बोकडाच्या अखंड तुकड्यासाठी, वर तीन मिनिटांच्या विश्रांतीसह, तेवढंच पुरतं. पण अमेरिकेचं कृषी खातं आमच्या स्वयंपाकघरात उभं नव्हतं. तिथं सात माणसं उभी होती आणि सातांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता: गुलाबी रंग गुलालाला शोभतो. अक्कांचा नातू म्हणाला, "हे अजून जिवंत आहे." साडूंनी मोठ्या मनानं एक घास घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आम्हाला वाटलं आवडलं. ते चावत होते.

दोष भाच्याचा नव्हता, मांडीचा होता. सतत राबलेल्या स्नायूत चिवट धाग्यांचं जाळं असतं. ते विरघळून मऊ व्हायला सत्तर अंशांच्या वर बराच वेळ लागतो, चार मिनिटांत ते फक्त आकसतं. पपईनं वरचा थर भुसभुशीत केला होता, गाभा माळावरच होता.

मग आई उठली. तिनं कुणाला विचारलं नाही. चारही तुकडे पाटावर घेऊन विळीनं त्यांचे बोटाच्या पेरांएवढे तुकडे केले, चाचांच्या दोन नळ्या त्यात टाकल्या, मीठ-हळद लावून कुकरला शिट्ट्या काढल्या. अंगचं पाणी वेगळं काढून ठेवलं. बिडाचा तवा पुन्हा तापवला, करडईचं तेल सोडलं आणि शिजलेले कोरडे तुकडे एकेक करून पसरले. मग कंबरेवर हात ठेवून गप्प उभी राहिली. काकांनी उलथन्याकडं हात नेला. "हात लावू नका," आई म्हणाली. आणि खरं सांगतो, स्वयंपाकघरात तीन-चार मिनिटं कुणी हललं नाही. भाच्याला जे एवढं शास्त्र सांगून मिळालं नव्हतं ते तिला कंबरेवरच्या हातांनी मिळालं.

कडा तपकिरी झाल्यावर तिनं गॅस बंद केला आणि मग, बंद केल्यावर, काळं तिखट टाकलं. तव्याच्या उरल्या धगीत ते फुललं, जळलं नाही. कुणी खोकलं नाही. वरून मूठभर शेंगाची चटणी, लसणीची, तेल सुटेपर्यंत कुटलेली. एकदा उलथनं फिरवलं, आणि संपलं.

भाचा मोबाईल काढून काहीतरी शोधत होता. म्हणाला, "मामा, याला रिव्हर्स सीअर म्हणतात. आधी मंद शिजवायचं आणि शेवटी कडक तव्यावर भाजायचं. तिकडं आता सगळे हेच करायला लागलेत." शिट्टीला मंद म्हणणं जरा धाडसाचं होतं, पण क्रम तोच होता. आई म्हणाली, "बरं झालं, शिकले."

राहिला वाटणीचा प्रश्न. मूळ बेत माणशी एक स्टेक असा होता: चार तुकडे, चार ताटल्या, चार काटे, चार सुऱ्या. पण स्टेकचा हा हिशेब घरात नेमकी चारच माणसं असतात आणि दार बंद असतं, या समजुतीवर उभा आहे. आमच्या दारात ठसक्यानं बोलावलेली चार जादा माणसं होती, आणि आलेल्याला मटणाच्या वासावर परत पाठवायची सोलापुरात पद्धत नाही. पेराएवढ्या तुकड्यांची हीच सोय: ते कितीही जणांत बसतात. रस्सा कमी पडला तर पाणी वाढवता येतं, भाकरी कमी पडली तर कडक भाकरीचा डबा असतो. दीड इंची स्टेकला वाढवायची सोय नाही. तो एकट्यासाठीच जन्माला येतो.

आम्ही जमिनीवर गोल बसलो. अंगच्या पाण्याचा आईनं पातळ रस्सा केला होता. नळ्या कुणाला, यावर चर्चा झाली नाही. एक आईला, एक अक्कांच्या नातवाला. भाच्यानं भाकरीच्या घडीत चार तुकडे धरून खाल्ले, मग आणखी चार, मग सुरीचा फोटो काढून सुरी बाजूला ठेवली.

संध्याकाळी पुण्याच्या गाडीत बसताना तो म्हणाला की पुढच्या महिन्यात ऑफिसातले दोन मित्र घेऊन येतो, त्यांना हा प्रकार दाखवायचाय. आई म्हणाली, "ये की. मटण तुम्हीच आणा येताना. हाडासकट."